चाळीस फुटांपुढचं तेल

बोलिंगच्या लेनला तेल लावण्याची नोकरी लागली, हे मी घरी सांगितलं तेव्हा वडील जेवत होते. त्यांनी घास ताटात ठेवला.

"जमिनीला तेल?"

"हो."

"रोज?"

"रोज. कधी कधी दोनदा."

थोडा विचार करून ते म्हणाले, "आमी सणाचं एकदा अंगाला लावायचो. तेबी आईनं तळहातावर घातलं तेवढंच."

मी आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर. मुरबाडच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा विहारात माझा सत्कार झाला होता. शाल मिळाली, पेन मिळालं, दोन भाषणं झाली. त्या भाषणांत मी पुढं जाऊन काय काय होणार याची यादी होती. तिच्यात तेल नव्हतं. पण मला त्याची लाज कधी वाटली नाही. कॉलेजातल्या सरांनी घर्षण इतकं मनापासून शिकवलं होतं की तो धडा आजही मला पाठ आहे. त्यांनी घर्षण समजावून दिलं, मी ते कमी करून पोट भरतो. त्यांचे उपकार आहेतच.

शहापूरहून मुरबाडकडे येणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आमचं रिसॉर्ट आहे. शनिवार-रविवारी कल्याण-मुंबईची गिऱ्हाइकं, मधल्या वारी कंपन्यांच्या सहली. पोहण्याचा तलाव, झोपाळे, आणि पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये सहा बोलिंग लेन. मला तिथं पंधरा वर्षं झाली. सगळे मला तेलमास्तर म्हणतात.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. साठ फूट लांब, साडेतीन फूट रुंद अशी गुळगुळीत पट्टी असते, ती लेन. टोकाला दहा पिना उभ्या. आपण अलीकडच्या रेषेवरून जड बॉल घरंगळत सोडायचा आणि पिना पाडायच्या. पट्टीच्या दोन्ही बाजूंना गटर. बॉल त्यात पडला की शून्य. एका फेरीत दोन बॉल, दहा फेऱ्यांचा एक डाव. इतपत सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट म्हणजे तेल. रेषेपासून साधारण चाळीस फूट मशीननं तेलाचा पातळ थर देतात, मध्ये जास्त, कडांना कमी. शेवटचे वीस फूट कोरडे. तेलावर बॉल घसरत जातो, कोरड्यावर आला की जमीन पकडतो, आणि हाताने फिरकी दिली असेल तर वळून पिनांच्या कुशीत शिरतो. तेल जास्त असेल तर बॉल वळतच नाही, कमी असेल तर वेळेआधी वळतो. शिवाय प्रत्येक बॉल थोडं तेल पुसून नेतो, थोडं पुढं ओढून नेतो. म्हणजे सकाळी दहाला ज्या लेनवर तुम्ही खेळता, ती दुपारी एकला तीच राहत नाही. उन्हानं पत्रा तापला की तेल पातळ होतं ते वेगळंच.

म्हणून चांगला खेळणारा हाताआधी पाय बदलतो. बॉल फार डावीकडं वळायला लागला की उभं राहण्याची जागा डावीकडं सरकवायची. तेल फार असेल तर वेग कमी करून सरळ टाकायचं, किंवा खरखरीत बॉल घ्यायचा. हे मी गिऱ्हाइकांना सांगायचो. ते मान डोलवायचे आणि होते तिथंच उभे राहायचे.

एक पुढारी आले होते. पांढरे कपडे, मागं आठ-दहा माणसं. बोलिंगचे बूट घालायला नकार. "आम्ही अख्खा तालुका चपलेवर फिरलो." मग दोन्ही हातांत बॉल धरून, पाय फाकवून, त्यांनी तो दोन पायांच्या मधून ढकलला. बॉल इतका सावकाश गेला की त्यांच्या माणसांना मध्ये दोनदा टाळ्या वाजवाव्या लागल्या. दहाच्या दहा पिना पडल्या. पुढारी माझ्याकडं वळून म्हणाले, "काय अवघड आहे यात?" मी म्हटलं, "काही नाही साहेब." दुसरा बॉल टाकायला ते रेषेच्या पुढं गेले, चपलेसकट तेलात. ते कसे पडले ते मी लिहीत नाही. कारण ते पुन्हा येतात, आणि आता निमूट बूट मागून घेतात.

ते बूट देणारी यमुना. ही गोष्ट तिची आहे.

यमुना डोळखांबच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची. बारावी झालेली. बुटांच्या काउंटरवर सहा वर्षं होती. तिचं काउंटर खेळाडूंच्या बरोबर पाठीमागं. सगळं जग पिनांकडं बघतं, यमुना लोकांचे पाय बघायची, कारण बूट तिच्या ताब्यातले. कोण टाच घासतो, कोण नाडी सोडतो. बघता बघता तिला दुसरंच दिसायला लागलं. एकदा मला म्हणाली, "मास्तर, तो निळ्या शर्टवाला आता गटरात घालनार." बॉल अजून त्याच्या हातात होता. गेला गटरातच.

"कसं ओळखलंस?"

"मगाशी वळला तेव्हाबी पाय तिथंच होते. आताबी तिथंच हायेत."

त्यानंतर सकाळी तेल लावून झालं की चाचणीचे बॉल मी तिलाच टाकायला लावू लागलो, आणि संध्याकाळी शेड बंद करण्याआधी वापरलेल्या लेनवर पुन्हा चार. तिची फिरकी फार नाही, जवळजवळ सरळ बॉल. पण ताज्या तेलावर एक आणि घासल्या तेलावर दुसरं, हे तिला माझ्याहून चांगलं कळायला लागलं. गिऱ्हाइकं मला सोडून तिला विचारायला लागली. मला आनंद झाला असं लिहितो. थोडा उशिरा झाला, पण झाला.

मग शेठनी दोन गोष्टी एकाच दिवशी जाहीर केल्या. बुटांसाठी खणांचं मोठं कपाट येणार, गिऱ्हाईक स्वतःच बूट घेईल आणि ठेवील, काउंटर बंद. आणि गिऱ्हाइकांना शिकवायला एक कोच नेमणार, राहायला खोलीसकट. कोचसाठी मुंबईहून साळवी नावाचे एक खेळाडू येणार होते.

यमुनाकडे दुसरा रस्ता नव्हता. काउंटर गेलं की भावाच्या बिऱ्हाडाबरोबर वीटभट्टीवर. बाकीचं घर दर वर्षी भात झोडून झालं की जातंच. ती शेठसमोर जाऊन उभी राहिली. "कोच मी व्हते."

शेठ हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांना प्रत्येक गोष्टीचा सामना लावायची सवय. आचारी नेमतानासुद्धा त्यांनी दोघांना मिसळ करायला लावली होती. म्हणाले, "साळवींशी खेळ. तीन डाव. दोन जिंकेल तो कोच."

साळवी आदल्या दिवशी आले. चाळिशीचे, बोलायला गोड, चाकांच्या बॅगेत स्वतःचे तीन बॉल. त्यांनी दहा-बारा बॉल टाकले. उजव्या कडेनं बॉल सोडायचे, तो गटराच्या काठाकाठानं जायचा, पडतो पडतो वाटायचं, आणि कोरड्यावर आला की गर्रकन वळून पिना उधळायचा. यमुना काउंटरमागून बघत होती.

"कसे वाटले?" मी विचारलं.

"पाय छान हायेत," ती म्हणाली.

त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोक्यात भौतिकशास्त्र शिरलं. साळवींची सगळी कमाई शेवटच्या वीस कोरड्या फुटांवर. ते वीस फूटच नसले तर? तेल चाळीसऐवजी पार पिनांपर्यंत नेलं, कडांनाही भरपूर दिलं, तर त्यांचा बॉल वळणार नाही, सरळ कडेला निघून जाईल. यमुनाचा सरळ बॉल मात्र सरळच जाईल. तेल कुणाला दिसत नाही. मला कोण विचारणार? मला इतकं हसू येत होतं की जीपमध्ये शेजारच्या बाईंनी पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.

यमुनाला मी काही सांगितलं नाही.

सकाळी लवकर जाऊन सामन्याच्या दोन लेनवर, तीन आणि चार नंबरवर, मशीन शेवटपर्यंत चालवलं. बाकीच्या लेन नेहमीसारख्या. मग निश्चिंत मनानं नाश्त्याला गेलो. पोहे दोनदा घेतले.

सामना अकराला सुरू झाला. शेठ खुर्ची टाकून बसलेले, स्वयंपाकघरातली माणसं दारात. नियमाप्रमाणे एक फेरी तीन नंबरवर, पुढची चारवर, अशी अदलाबदल. साळवींनी तीन नंबरवर पहिला बॉल सोडला. मी मनात म्हटलं, जा आता सरळ. बॉल काठाकाठानं गेला, गर्रकन वळला आणि दहाच्या दहा पिना उडवल्या.

ते शक्यच नव्हतं. त्या जागी मी स्वतः तेल घातलं होतं.

मग यमुनानं तीनवर टाकला. तिचा सरळ बॉल शेवटी अचानक डावीकडं ओढला गेला, तीन पिना कशाबशा पडल्या. पुढं चार नंबर. तिथं साळवींचा बॉल अजिबात वळला नाही, उजव्या कडेनं निघून गेला. माझं शास्त्र बरोबर! पण मग तीनवर ते चूक कसं? दोन शेजारच्या लेन, एकच मशीन, एकच माणूस. साळवी बॉल पुसत विचार करत होते. मीही विचार करत होतो, आणि त्यांच्याइतकाच अंधारात होतो. पहिला डाव साळवींनी तेवीस पिनांनी जिंकला. तीन नंबरवर त्यांनी कमावलं आणि यमुनानं गमावलं.

दुसऱ्या डावाआधी यमुना परत आलेले बॉल पुसत नव्हती. नुसती हातात घेऊन फिरवून बघत होती. बॉल लेनवरून जातो तेव्हा त्याच्या अंगावर तेलाची कडी उमटते. तिनं तीनवरून आलेला बॉल बघितला, चारवरून आलेला बघितला. मग तीनवर उभी राहताना ती चांगली हातभर डावीकडं सरकली आणि लेनच्या डाव्या अर्ध्या भागातूनच बॉल नेला. सरळ गेला. नऊ पिना. पुढच्या फेरीला चारवर ती पुन्हा आपल्या जुन्या जागी. आठ, मग राहिलेल्या दोन. साळवी बॉल बदलत होते, एकदा काळा, एकदा निळा. ती पाय बदलत होती. दुसरा डाव तिनं जिंकला.

स्वयंपाकघरातली माणसं ओरडायला लागली. साळवी मात्र शेठकडं गेले. आवाज चढवला नाही. "लेनमध्ये काहीतरी गडबड आहे. हरतोय म्हणून सांगत नाही, पहिला डाव मी जिंकलोय. या दोन लेन सारख्या नाहीत. तेल कोणी लावलं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं.

"मी," म्हणालो.

"तेलाचा कुठला नमुना?"

आता सांगायचं होतं. यमुना माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "नेहमीचाच, सर."

"नेहमीचा कसा?" मागून आवाज आला. आमच्या हिराबाई. वय साठीकडं, शेडची साफसफाई त्यांच्याकडं, मला लेकासारखं वागवणाऱ्या, पिनांना बाटल्या म्हणणाऱ्या. "काय रे मास्तर, नेहमीचं म्हनतोस? आज पार बाटल्यांपरेंत सांडलं व्हतं तेल! मी म्हटलं, आज आपल्या पोरीची परीक्षा, आन जिमीन अशी ठेवायची? साबनाचं पानी घेतलं नि पुसून काढलं."

शेठ खुर्चीत पुढं सरकले.

"कुठं पुसलं?" शेठनी विचारलं.

"त्या तिथं. बाटल्यांकडनं अलीकडं."

"तेलात पाय घातलात?"

हिराबाईंना ते लागलं. "शेठ, मी काय आज आलेय? रोपात पाय देतो का आपन? मागल्या दारानं आले, दोन पट्ट्यांच्या मधी बांध हाय ना, त्याच्यावर बसले. या हातानं हिकडची पुसली, त्या हातानं तिकडची. हात पुरला तितकी."

आणि मला सगळं दिसलं. तीन आणि चारच्या मध्ये गटरांना विभागणारी उंच पट्टी आहे. हिराबाई भाताच्या बांधावर बसावं तशा तिच्यावर बसल्या. त्यांचा हात तीन नंबरच्या उजव्या अर्ध्यापर्यंत पोचला आणि चारच्या डाव्या अर्ध्यापर्यंत. तेवढा भाग कोरडा, बाकी माझं तेल तसंच. तीनवर साळवींना हवा तिथं कोरडेपणा मिळाला, चारवर नाही. आठ वर्षांत त्या बाईंनी रेषेच्या पुढं कधी फडकं नेलं नव्हतं. शेवटचे वीस फूट कोरडेच असतात हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच ते सांडलेलं तेल त्यांच्या नजरेत आलं. पदवी न घेता त्यांनी माझी चोरी पकडली होती, आणि वर प्रेमानं पुसून ठेवली होती.

शेठ उठले. "मास्तर, बाटल्यांपर्यंत तेल का?"

"यमुना जिंकावी म्हणून," मी म्हणालो.

"हिला माहीत होतं?"

"नाही."

साळवी तिच्याकडं वळले. "माहीत नव्हतं, तर तीनवर डावीकडं का सरकलीस?"

यमुनाचा चेहरा लाल झाला होता, पण उत्तर सरळ आलं. "तीनवरनं बॉल येतो तो अर्धा सुकलेला येतो. चारवरचा भिजून येतो. मग तीनवर उजवीकडं तेल संपलंय असं समजून मी डावीकडनं टाकून बघितलं. तिकडं व्हतं."

"आणि मी चारवर काय करायला हवं होतं?"

"मधी यायला पायजे व्हतं तुमी. मधी बॉल सोडला असता तर डाव्या अंगाला पकडला असता. तुमी बॉल बदलत राहिलात."

साळवी "बरोबर," म्हणाले, आणि आपला निळा बॉल बॅगेत ठेवून दिला.

शेठनी निकाल दिला. झालेले दोन्ही डाव रद्द. दोन्ही लेन धुवायच्या, नेहमीचं चाळीस फूट तेल, सगळ्यांसमोर. मग एकच डाव, त्यावर काय ते. "आणि मास्तर, तुमचं मी उद्या बघतो."

मी लेन धुतल्या. एवढ्या लोकांसमोर मी कधी काम केलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या एकानं मागून विचारलं, "मास्तर, कांद्याची फोडनी बी टाकू का?" मी मान वर केली नाही. नेहमीचं तेल म्हणजे साळवींचं घर. मी स्वतःच्या हातानं ते त्यांना बांधून देत होतो, आणि यमुना बाकावर बसून बुटांची नाडी आवळत होती. तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

डाव सुरू झाला तेव्हा बारा वाजून गेले होते. साळवींनी पहिल्या पाच फेऱ्यांत सुंदर खेळ केला. यमुना मागं, पण फार नाही. साडेबाराच्या सुमाराला डोक्यावरचा पत्रा कडकड वाजायला लागला. तो तापला की वाजतो. आम्हाला त्याची इतकी सवय आहे की आम्ही ऐकतही नाही. यमुनानं ऐकला. तिनं उभं राहण्याची जागा चार बोटं डावीकडं घेतली, अजून काही बिघडलं नसताना. पुढच्या फेरीला साळवींचा बॉल वेळेआधी वळला आणि पहिल्या पिनेच्या डाव्या बाजूनं शिरला, दोन टोकांच्या पिना उभ्या. पुन्हा तसंच. मग ते सरकले. पक्के खेळाडू होते, त्यांना दोनच फेऱ्या लागल्या. पण त्या दोन फेऱ्या गेल्या त्या गेल्या.

साळवींचा खेळ आधी संपला. शेवटच्या, दहाव्या फेरीत यमुनानं राहिलेली एक पिन पाडली, म्हणून तिला एक जादा बॉल मिळाला. जिंकायला सात पिना हव्या होत्या. हिराबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात ओला होता, फडकं अजून हातातच.

आठ पडल्या.

साळवींनी तिच्याशी हात मिळवला आणि शेठना म्हणाले, "हिला तो पत्रा ऐकू येतो. मला कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकला नसता." शेठ खोलीची किल्ली आणायला गेले. हिराबाई रडत होत्या आणि सगळ्यांना सांगत होत्या की लेन त्यांनीच पुसली.

मला शेठनी दुसऱ्या दिवशी लेखी समज दिली. ती मला मान्य होती. मला त्रास दुसऱ्याच गोष्टीचा झाला. यमुना दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी मी मशीन पुसत होतो तेव्हा ती येऊन समोर उभी राहिली.

"मास्तर, मला आधी का नाय सांगितलंत?"

"तू नको म्हणाली असतीस."

"त्यासाठी नाय." ती म्हणाली. "तुमाला वाटलं मी हरेन."

मी नाही म्हणणार होतो. पण आदल्या दिवशीच एक खोटं बोलून झालं होतं, आणि त्याची किंमत सगळ्यांसमोर कळली होती.

"हो," मी म्हणालो. "वाटलं."

मला वाटलं, आता ती निघून जाईल. ती मशीनवर वाकली, तेल किती फुटांवर थांबवायचं तो आकडा बघितला, आणि चाळीस होता तो बेचाळीस केला.

"शनिवारी कंपनीवाले येनार. त्यांना जोरात टाकायची सवय, तेल भराभर पुसून नेतात," ती म्हणाली. "आन तुमी सातला या. आकडा मी सांगेन तोच."

तेव्हापासून मी सातला जातो. पावणेसातला, खरं म्हणजे. कोच वेळेची फार कडक आहे.